अफझलगंजची नऊ मिनिटं

नल्लकुंटा, हैदराबाद
१४ ऑगस्ट १९९४

चि. ऋचा हिस, मामाकडून पोतंभर आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र आलं. त्यात माझ्या तब्येतीची चौकशी दोन ओळी आणि तुझं कौतुक दोन पानं. उषा लहानपणापासून अशीच, भावाला चिमूटभर आणि बाकीच्यांना ओंजळभर. तिने लिहिलंय की पवईला एम.टेक.च्या प्रबंधासाठी तू 'गाड्यांचं वेळापत्रक गणिताने बसवणे' असा विषय घेतला आहेस. ते वाक्य मी तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. सुशीला म्हणाली, "घ्या. तुम्ही तीस वर्षं पेन्सिल आणि खोडरबराने जे करत बसलात त्याला आता डिग्री मिळते."

तर मुद्द्याचं लिहितो. शहर बसच्या वेळापत्रक विभागात माझे आता साडेसात महिने उरले. ३१ मार्चला निवृत्त. त्याआधी एक काम व्हावं अशी फार इच्छा आहे.

नामदेवराव म्हणून एक गृहस्थ आहेत, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. रामंतपूरच्या पलीकडे मैत्रीनगर नावाची नवी वसाहत झाली आहे, तिथे राहतात. दोनशे घरं, पण बस नाही. सगळ्यांत जवळचा स्टॉप अडीच किलोमीटर. तीन वर्षं दर सोमवारी ते माझ्या टेबलासमोर येऊन अर्ज ठेवतात, पाणी पितात आणि जातात. त्यांची नात अमृता कोठीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. अंधारात घरून निघते, अंधारात परत येते. तिच्या वडिलांनी सांगून टाकलंय, जूनपर्यंत बस आली नाही तर कॉलेज बंद.

नवीन बस मिळणार नाही. दिल्लीचं नवं धोरण आलं, तेव्हापासून आमच्याकडेही एकच मंत्र, आपापल्या पायावर उभे राहा. साहेब म्हणतात, "कंधारकरसाब, जितने बसां हैं उसमेंसे एक निकालके दिखाओ, मैं सही करता." माझ्याकडे बारा मार्ग, प्रत्येकावर दर वीस मिनिटांनी एक बस; मी महिनाभर बघतो आहे, मला सापडत नाही. तुझ्या गणिताला सापडेल का?

तुझा,
वसंतमामा

*

हॉस्टेल, पवई
२९ ऑगस्ट १९९४

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण या खोलीत तेवढी जागा नाही. उभ्यानेच घ्या.

तुमचं पत्र सरांना दाखवलं. ते खुर्चीतून उठले! आमच्याकडे सगळे जण कागदावरच्या शहरात कागदावरच्या बस चालवतात. तुम्ही खरं शहर देताय.

आमचं गणित काय करतं ते सोप्यात सांगते. तुमची बस दर वीस मिनिटांनी सुटते ना? म्हणजे सकाळी सहाला जे घडतं तेच सहा-वीसला, सहा-चाळीसला, रात्रीपर्यंत. दिवसभराचं वेळापत्रक बसवायची गरजच नाही. फक्त वीस मिनिटांचं एक चक्र बसवायचं, पुढे सगळी त्याचीच नक्कल. पण त्या वीस मिनिटांत बाराही मार्ग एकमेकांच्या पायात येतात. एक सरकवला की दुसरा बिघडतो. तिथे कॉम्प्युटर लागतो.

मला प्रत्येक मार्गाचा धावण्याचा वेळ हवा, दोन्ही टोकांना बस किती थांबते ते हवं, आणि मोडता न येणाऱ्या सगळ्या अटी हव्यात. मामा, एकही अट राहू देऊ नका. तुमच्या डोक्यात असलेली अट मशीनला दिसत नाही.

लॅबमध्ये मला रविवारचीच पाळी मिळते. बाकीचे वार अमेरिकेला निघालेल्यांचे. आमच्या वर्गात अमेरिकेला न जाणारी मी एकटीच, त्यामुळे सगळे माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात.

मामीला सांगा, डिग्री मिळाली तर अर्धी तुम्हाला देईन.

ऋचा

*

हैदराबाद
२० सप्टेंबर १९९४

चि. ऋचा,

सोबत बाराही मार्गांचे तक्ते पाठवतो आहे. आलेखाच्या कागदावर स्वच्छ काढलेत, रात्रीचा दिवस करून वगैरे नाही, ऑफिसातच, चहाच्या वेळात.

मी वेळापत्रक कसं करतो विचारलं होतंस ना फोनवर? (एसटीडीच्या बूथवाल्याने आपल्या साडेतीन मिनिटांत दोनदा काचेवर टकटक केली.) माझ्याकडे एक प्लायवूडची फळी आहे. आडवी वेळ, उभे स्टॉप, आणि खिळ्यांना ताणलेले रंगीत दोरे. एक दोरा म्हणजे एक बस. दोरा जिथे आडवा पडला तिथे बस उभी. ऑफिसात सगळे त्याला कंधारकरचा माग म्हणतात. मी गेल्यावर तो भंगारात जाणार हे मला ठाऊक आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटत नाही.

अटी लिहितो. दोन्ही टोकांना बस निदान पाच मिनिटं उभी राहिलीच पाहिजे, ड्रायव्हर माणूस आहे. अफझलगंजच्या स्टँडवर एका वेळी सहापेक्षा जास्त बस मावत नाहीत. आणि नल्लकुंट्याहून अफझलगंजची बस दहा, तीस, पन्नास या मिनिटांनाच सुटेल. हा आमच्या आबासाहेबांचा नियम. ते या विभागाचे पहिले प्रमुख. म्हणायचे, आकडा गोल असला की लोकांच्या लक्षात राहतो. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, पण त्यांच्या नियमाला हात लावायची कोणाची छाती झालेली नाही.

एवढंच. दुसरी अट नाही.

सुशीला लायब्ररीतून आली. गुडघा धरला आहे म्हणते. शेक द्यायला जातो.

वसंतमामा

*

पवई
६ नोव्हेंबर १९९४

मामा! बस सापडली!

आधी तुमचं अभिनंदन करते. बारापैकी अकरा मार्गांवर मशीन अकरा तास घरघरलं आणि शेवटी तुमचेच आकडे घेऊन बाहेर आलं. एक मिनिटसुद्धा इकडचं तिकडे नाही. सर म्हणाले, "या गृहस्थांना कधी तरी भेटलं पाहिजे." मी म्हटलं, माझे मामा आहेत, भेटवते.

आता बारावा. नल्लकुंटा ते अफझलगंज, तुमच्या घरासमोरचाच! जायला पंचवीस, यायला पंचवीस, दोन्ही टोकांना पाच पाच. साठ मिनिटांत फेरी पुरी. दर वीस मिनिटांनी एक म्हणजे तीन बस पुरतात. तुम्ही चार चालवता. का, तर अफझलगंजला ती पाचऐवजी चौदा मिनिटं उभी राहते. त्या नऊ मिनिटांमुळे नल्लकुंट्याला पोचते तोवर तिची सुटायची गोल वेळ हुकलेली असते, मग तिथे पुढच्या गोल वेळेपर्यंत आणखी अकरा मिनिटं उभी. नऊ आणि अकरा वीस. एक अख्खी बस दिवसभर नुसती उभी राहण्यात जाते.

हे शोधायला मशीन लागलं नसतं, काडेपेटीच्या मागे झालं असतं. तुमच्यासारख्या माणसाच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे! बहुधा घरासमोरचं आहे म्हणून.

अफझलगंजची नऊ मिनिटं काढा. नामदेवरावांना सांगा, पुढच्या सोमवारी अर्ज आणू नका, पेढे आणा.

तुमची (फार खूश)
ऋचा

*

हैदराबाद
१७ नोव्हेंबर १९९४

चि. ऋचा,

पत्र मिळालं. मेहनत दिसते.

अफझलगंजची नऊ मिनिटं काढता येणार नाहीत. त्याला व्यवहारातली कारणं आहेत, ती कागदावर दिसत नाहीत. तिथे बाजार आहे. लोक गुळाच्या ढेपा, मिरचीची पोती घेऊन बसमध्ये चढतात, त्याला वेळ लागतो. शिवाय इंजिन तापतं. ड्रायव्हरांना चहा लागतो. यादगिरी ड्रायव्हर मला परवाच म्हणाला, "साब, चौदा मिनट खडे रहनेकू कौन देता? तुम देते."

दुसरा एखादा मार्ग पाहा. परीक्षेचा अभ्यास सोडून यात खामखा वेळ घालवू नकोस.

इकडे सर्व ठीक.

वसंत कंधारकर

*

पवई
३० नोव्हेंबर १९९४

प्रिय मामा,

तुम्ही मला आजवर एकदाही आडनावासकट सही करून पत्र पाठवलं नव्हतंत. आईला दाखवलं, ती म्हणाली, लहानपणी खोटं बोलला की हा असाच ताठ उभा राहायचा.

तुमचीच कारणं तुमच्याच तक्त्यांवर लावून पाहिली. त्याच स्टँडवरून आणखी चार मार्ग सुटतात. गूळ त्यांच्यातही चढतो, मिरचीही. त्या बस पाच मिनिटांत निघतात. त्यांची इंजिनं तापत नाहीत? त्यांच्या ड्रायव्हरांना चहा नको? गुळाची ढेप सकाळी सहाच्या बसमध्ये कोण चढवतं?

मला एवढंच समजतं की तुम्हाला राग आला आहे. तीस वर्षं केलेल्या कामात एका मुलीने येऊन चूक दाखवली, तीही मशीनच्या जोरावर. 'नजरेतून सुटलं' असं मी लिहायला नको होतं. चुकलं माझं. प्रबंधात तो मार्ग घालणार नाही, तुमचं नाव कुठेही येणार नाही.

पण मामा, माझ्या प्रबंधाचं जाऊ द्या. अमृताचं काय? बस तर आहे. मला ती दिसते आहे, उभी.

ऋचा

*

वेळापत्रक विभाग
२ जानेवारी १९९५

चि. ऋचा,

महिनाभर तुला उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही कागद फाडले. आज ऑफिसात लिहितो आहे. याचं उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव, घरी पाठवू नकोस.

मला राग आलेला नाही गं. लाज वाटते आहे.

१९६८ साली मी टाइमकीपर होतो. अफझलगंजच्या स्टँडवर पत्र्याच्या केबिनमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या वेळा रजिस्टरात लिहायचो. नल्लकुंट्याची बस तेव्हा बरोबर पाचला सुटायची. आणि रोज, अगदी रोज, बस बाहेर वळली की समोरच्या लायब्ररीच्या फाटकातून एक बाई धावत यायच्या. पदर खोचलेला, हातात डबा. त्यांच्या नशिबी बसची मागची पाटी. मग पाच-वीसची येईपर्यंत माझ्या केबिनसमोरच्या बाकावर धापा टाकत बसायच्या. मला फार कळवळा यायचा. वाटायचं, यांचा साहेब पाचच्या ठोक्याशिवाय सोडत नसणार.

पुढे आबासाहेबांनी माझं अक्षर पाहून त्या मार्गाचं नवं वेळापत्रक लिहायला दिलं. मी अफझलगंजच्या पाच मिनिटांची चौदा केली. पाचची बस पाच-नऊला निघेल, बाईंना मिळेल. पण दर वीस मिनिटांची नक्कल ना, तूच म्हणालीस ते. एका बाईला एका संध्याकाळी नऊ मिनिटं द्यायची म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंतच्या प्रत्येक फेरीला द्यावी लागतात. तेव्हा नव्या बस आल्या होत्या, चौथी बस मिळून गेली. आबासाहेबांनी विचारलं, "चौदा का?" मी म्हटलं, "गुळाच्या ढेपा, साहेब." हे खोटं तेव्हापासूनचं आहे.

नवं वेळापत्रक लागू झालं त्या पहिल्या दिवशी त्या आल्या, बस उभी. त्या थबकल्याच. बसकडे पाहिलं, केबिनकडे पाहिलं. इतका आनंद झाला होता की चढायचंच विसरल्या. यादगिरी तेव्हा नवा पोरगा होता. त्याने हाक मारली, "अम्मा, आव जल्दी, तुमाराच वास्ते ठैरी है!" त्याला काही माहीत नव्हतं, तो सगळ्यांनाच असं म्हणायचा. मी मात्र लाजेने रजिस्टरात डोकं घातलं.

सहा महिन्यांनी योगायोगाने त्यांचंच स्थळ मला सांगून आलं. त्या तुझ्या मामी.

सुशीला अजूनही त्याच बसने येते. तिला यातलं काही माहीत नाही. सरकारी बस मी स्वतःसाठी सव्वीस वर्षं उभी ठेवली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? आणि आता नऊ मिनिटं काढली तर बस पुन्हा पाचला निघून जाणार, आणि ती दुखऱ्या गुडघ्याने वीस मिनिटं उभी राहणार. बाकही काढून टाकलाय आता तिथला.

पण तुझं शेवटचं वाक्य महिनाभर डोक्यातून जात नाही. आज सोमवार. नामदेवराव येऊन गेले. अमृताला दिवाळीपासून खोकला आहे म्हणाले. तू म्हणतेस तेच करतो. नऊ मिनिटं काढून टाक आणि नवं वेळापत्रक छापून पाठव. मी सही करून साहेबांकडे देतो. सुशीलाला रिक्षाने येत जा म्हणून सांगेन, कारण काही तरी शोधेन.

वसंतमामा

*

पवई
१२ जानेवारी १९९५

माझ्या लाडक्या, लबाड मामा,

तुमचं पत्र हॉस्टेलच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून पुन्हा वाचलं. येणारे-जाणारे विचारत होते, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, फारच ठीक.

पण मला एक सांगा. मी तुम्हाला ऑगस्टात बजावलं होतं की नाही, एकही अट राहू देऊ नका म्हणून? तुम्ही लिहिलंत, दुसरी अट नाही. अहो, केवढी मोठी अट होती! मी ती आता मशीनला सांगितली. 'मामी.' खरंच तशीच टाईप केली. सरांनी विचारलं हा कुठला चल आहे, मी म्हटलं, अचल आहे.

नऊ मिनिटं काढायची गरज नाही, ती सरकवायची. तुमच्या आबासाहेबांचा गोल आकडा तुम्ही इतकी वर्षं देवासारखा पुजलात. तो सोडा. नल्लकुंट्याहून बस दहा, तीस, पन्नासला न सोडता एकोणीस, एकोणचाळीस, एकोणसाठला सोडा. पंचवीस मिनिटांत अफझलगंज, तिथे पाच मिनिटं उभी, आणि बरोबर पाच-नऊला निघते. मामीची बस मामीला. फेरी साठ मिनिटांत पुरी, बस तीन. चौथी मैत्रीनगरला. बाकीच्या अकरा मार्गांना आणि स्टँडच्या सहा जागांना धक्का लागत नाही, मशीनने तपासलं आहे.

लोकांना एकोणीस लक्षात राहणार नाही म्हणाल. चार दिवस शिव्या देतील, पाचव्या दिवशी राहील.

आणि लाज कसली? मी प्रबंधात लिहिणार आहे की प्रवाशाने बसची वाट पाहण्यात घालवलेला वेळ कमीत कमी असावा, हे या गणिताचं उद्दिष्ट आहे. तुम्ही ते १९६८ सालीच एका प्रवाशापुरतं सोडवलं होतं.

छापील वेळापत्रक सोबत. जाडजूड झालंय, म्हणून रजिस्टर करते.

ऋचा

*

वेळापत्रक विभाग
७ मार्च १९९५

चि. ऋचा,

आधी रागावतो. ऑफिसच्या पत्त्यावर पाठव म्हणून सांगितलं होतं ना? रजिस्टर पाकीट घरी पाठवलंस! अगं, काय हा धांदरटपणा! संध्याकाळी घरी आलो तर पाकीट टेबलावर. सुशीला गुडघ्यामुळे रजेवर होती, तिनेच पोस्टमनकडून सही करून घेतलेलं. आधी पाकिटाची कड तपासली. पण नशीब बलवत्तर, पाकीट बंद होतं. "ऋचाचं काही तरी ऑफिसचं दिसतंय," एवढंच म्हणाली आणि भात लावायला गेली.

आता बातमी. साहेबांनी सही केली. आकडे पाहून म्हणाले, "ये उन्नीस-उनचालीस क्या है? लोगां परेशान होते." मी म्हटलं, "चार दिन होते, साब." तुझंच वाक्य. १ मार्चला नवं वेळापत्रक लागू झालं. आमच्या गल्लीने मला चार दिवस खरंच शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या शेजारच्या वकिलांनी.

मैत्रीनगरची बस तासाला एक, सकाळी सहा-चाळीसपासून. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. वसाहतीतल्या बायकांनी बसला हळदकुंकू वाहिलं, काचेला झेंडूची माळ लावली. अमृता बसली, पुस्तक उघडलं आणि लगेच पेंगायला लागली. अडीच किलोमीटरची झोप तिच्या वाट्याला आली. तिच्या वडिलांनी दुसऱ्या वर्षाची फी भरायचं कबूल केलं आहे.

काल सोमवार होता. नामदेवराव सवयीने आले. हातात अर्ज नव्हता. काय करावं त्यांना कळेना, मलाही कळेना. मग पाणी प्यायले. जाताना माझा हात धरला.

सुशीला पाच-नऊच्या बसने येते आहे. तिला कळलेलं नाही. तुझा मामा सुटला.

वसंतमामा

*

नल्लकुंटा
९ एप्रिल १९९५

चि. ऋचास, तुझ्या मामीचे आशीर्वाद, आणि थोडा ओरडा.

हे निवृत्त होऊन आठवडा झाला. दिवसभर घरात असतात. काल माझे डाळीचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. म्हणून म्हटलं, आता सांगून टाकावं.

तुझं जानेवारीतलं पाकीट मी उघडलं होतं. तुझं अक्षर पाहिलं, वाटलं, माझ्यासाठी साडी पाठवलीस. आत आकडे, आणि आकड्यांवर तुझं पत्र. उभ्याने वाचलं. मग तुझ्या मामांच्या कोटाच्या खिशातून त्यांनी तुला लिहिलेल्या पत्राची फाडलेली कच्ची प्रतही शोधून काढली आणि तीही वाचली, एकदा नाही. मग भाताच्या पेजेने पाकीट चिकटवून ठेवलं. तुझे मामा मिनिटाचा हिशेब ठेवतात, पण पाकिटाला पेजेचा वास येतोय हे त्यांना कळलं नाही.

ऋचा, आमचा साहेब पाचशिवाय सोडत नव्हता हे साफ खोटं. रजिस्टरात माझी सही पाचला दहा कमी असताना होत असे. पाचच्या बसला मी आरामात पोचले असते. मी लायब्ररीच्या फाटकाच्या आत, हात कडीवर ठेवून उभी राहायचे. बस हलली की पळत सुटायचे.

सत्तावीस वर्षांची होते. घरच्यांनी माझं नाव लग्नाच्या यादीतून काढून पुस्तकांच्या यादीत घातलं होतं. त्या स्टँडवर एक टाइमकीपर होता. ड्रायव्हरांशी उर्दूत बोलायचा, प्रवाशांशी तेलुगूत, पण मिनिटं मोजायचा मराठीत, ओठातल्या ओठात, सात, आठ, नऊ. म्हणून कळलं की आपला माणूस आहे. बस चुकली की पुढच्या बसपर्यंत वीस मिनिटं त्याच्या समोर बसायला मिळायचं. मी दिवसभर त्या वीस मिनिटांसाठी कॅटलॉग लिहायचे.

आणि एक दिवस फाटकाआडून पाहते तर पाच वाजून गेले तरी बस हलेना. पाच-दोन झाले, पाच-चार झाले. शेवटी बाहेर आले. उभ्या बससमोर धावणार तरी कशी! तो मेला यादगिरी अम्मा अम्मा करून हाका मारतोय. चढावंच लागलं. यांना तो आनंद वाटला म्हणे. अगं, आनंद कसला, इतका संताप आला होता की घरी येऊन जेवले नाही. वीस मिनिटांची नऊ झाली, तीही बसच्या आत बसून, खिडकीतून. मला वाटलं, याने मला टाळण्यासाठीच केलं. सहा महिने वाट पाहिली. मग लाज सोडून काकांना सांगितलं, कंधारकरांकडे विचारून या. योगायोगाने म्हणे स्थळ आलं!

सव्वीस वर्षं त्या बसमध्ये बसले, ती माझ्यासाठी उभी आहे हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं तर ती उभी राहत नाही. पाच मिनिटांत निघते. काही बिघडलं नाही. परवा तिच्यात बसून आले तेव्हा मला रडू आलं, आणि ते चांगलं होतं.

तुझ्या प्रबंधात वाट पाहणं कमीत कमी करायचं लिहिलंस, ते मैत्रीनगरच्या पोरीसाठी बरोबर आहे. तिथे कमीच कर. बाकी तू शहाणी आहेस.

हे पत्र पोस्टात टाकायला मी यांच्याच हातात देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझी मामी,
सुशीला

मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात:

ऋचा, कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीजवळ उभा राहून वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणजे मी बस थांबवत होतो आणि ही बाई तिला घालवत होती! आणि मी तिच्या वीसातली अकरा मिनिटं कापली म्हणून माझं लग्न झालं.

ती घरी चहा टाकून बसली असेल. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, लग्नाच्या बायकोकडे पहिल्यांदाच जातो आहे असं वाटतंय. शर्ट तरी बरा घालून आलो असतो.

निघतो.